पंचाहत्तर सेंटिमीटरचा खण

डोंगरात धावायला जाताना बरोबर काय काय घ्यावं याच्या याद्या हल्ली कुठंही वाचायला मिळतात. पाणी, टोपी, गुळाचा खडा, शिट्टी, टाचेला लावायची चिकटपट्टी. त्यातल्या एकाही यादीत नारळ नाही. गेल्या उन्हाळ्यात आम्ही चौघी माण तालुक्यातल्या एका माळावरून प्रत्येकी चार-चार नारळ घेऊन धावलो. कसं वाटतं ते सांगते. पाठीवर चार माणसं बसली आहेत आणि चौघंही एकमेकांशी भांडत आहेत, असं वाटतं.

आम्ही सांगलीच्या विश्रामबागेतल्या, पन्नाशीच्या अलीकडच्या-पलीकडच्या. एक शाळेत गणित शिकवते, तिला आम्ही गणितबाई म्हणतो. दुसरी ब्लाउज शिवते. अर्ध्या विश्रामबागेचे गळे आणि दंडाचे घेर तिच्या वहीत असल्यामुळे तिला सगळे वचकून असतात. ही टेलरबाई. तिसरी मी, नेहमी सगळ्यात मागं. त्यामुळे पुढं काय चाललंय ते सगळं मलाच दिसतं. आणि चौथी पोस्टात काउंटरवर बसते. तिची लेक बंगळुरूला, दिवस भरत आलेले. आम्ही तिला आत्तापासूनच आजी म्हणायला लागलो होतो आणि ती दरवेळी दोनच शब्द बोलायची, "अजून नाही."

कारण तिनं पण केला होता. आजी व्हायच्या आत एकवीस किलोमीटर धावायचं, तेही डोंगरातल्या वाटेनं. हा पण तिनं जावयासमोर केला. जावई स्वतः सुट्टीच्या दिवशी डोंगर पळून येणारा, अंगाला एक चिमूट चरबी नसलेला मुलगा. तो फार गोड हसून म्हणाला होता, "आई, सोसायटीत चार चकरा मारल्या तरी छानच आहे." त्या 'छानच'मधला च तिच्या जिव्हारी लागला. वर त्यानं तिला मनगटावरचं घड्याळ पाठवलं. ते धावलेलं अंतर मोजायचं आणि लगोलग त्याच्या फोनवर कळवायचं. म्हणजे खोटं बोलायचीही सोय नाही.

मिरजेहून तिची बंगळुरूची गाडी परवावर आली होती. एकदा गेली की सहा महिने बाळंतिणीपाशी. म्हणजे हा शेवटचा रविवार.

"आमच्या माहेराकडं जाऊ," टेलरबाई म्हणाली. तिचं माहेर म्हसवडच्या पलीकडची एक वाडी. "तिथं झाडच नाही. वाट चुकायचा प्रश्नच येत नाही."

हे कारण त्या वेळी आम्हाला फार शहाणपणाचं वाटलं.

पहाटे गणितबाईच्या गाडीतून निघालो, वाडीबाहेर बिरोबाच्या देवळापाशी गाडी लावली आणि उजाडता उजाडता धावायला लागलो. बेत असा होता की माळावरून दोन टेकड्या ओलांडायच्या, वळसा घेऊन वाडीतून परत देवळापाशी यायचं आणि उरलेलं अंतर तलावाच्या बांधापर्यंत जाऊन येऊन भरून काढायचं. टेलरबाईनं आदल्या दिवशी वहिनीला फोन केला होता, "आम्ही वाडीतून पळत जाणार आहोत, तेवढं पाणी भरून ठेवा." तिची चूक असली तर एवढीच. तीन वर्षांनी माहेरी येणाऱ्या लेकीनं असा फोन करू नये.

पहिल्या टेकडीवर एक मेंढपाळ भेटला. आम्हाला बघून काठी सावरून उभा राहिला.

"काय झालं वं बाई? कोण लागलंय मागं?"

"कुणी नाही," आजी धावता धावताच म्हणाली.

त्यानं आमच्या मागं बराच वेळ निरखून पाहिलं. "मंग म्होरं कोण पळालंय?"

"कुणी नाही."

"मंग तुमी का पळताय?"

आजीनं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. चार बायका उगाच पळणार नाहीत, काहीतरी लपवतायत, अशी त्याची खात्री झाली आणि सोबत म्हणून तो आमच्याबरोबर पळायला लागला. तो पळाला म्हणून कुत्रं पळालं. कुत्रं पळालं म्हणून मेंढरं पळाली. खाली शेतात पाणी पाजणाऱ्या एका माणसाला त्या सकाळी काय दिसलं असेल याचा विचार मी अजूनही करते. रंगीत टोप्या घातलेल्या चार बायका, त्यांच्यामागं धोतर सावरत एक माणूस आणि त्याच्यामागं धुरळ्यात अख्खा कळप. कोण कुणाला घेऊन पळतंय, सांगणं अवघड होतं. दुसऱ्या टेकडीखाली मेंढपाळ थांबला, घाम पुसला आणि म्हणाला, "बरं वाटलं. पर उगा पळणं काय पटलं न्हाई."

वाडीत शिरलो तेव्हा घड्याळात अठराच्या वर आकडा होता आणि आजी अशी काही धावत होती की मी मागूनही खूश होते. तेवढ्यात पहिल्या घराच्या दारात थोरली काकी ताट घेऊन उभी दिसली. ताटात हळदीकुंकू, गहू, नारळ, खण. चार-चार.

माहेरवाशिणीच्या मैत्रिणी पहिल्यांदा वाडीत आल्या आहेत. त्यांची ओटी भरल्याशिवाय त्यांना सोडणारी बाई त्या तालुक्यात जन्माला यायची आहे.

"काकी, आम्ही पळतोय," टेलरबाई केविलवाणी होऊन म्हणाली.

"पळा की. कोण नगं म्हनतंय? वटी घ्या न् पळा."

आम्ही घेतली. ओंजळीत गहू, नारळ, खण. पदर नव्हता, म्हणून टोप्या पुढं केल्या. चहा झाला. दहा पावलं पळालो, तर धाकट्या काकीचं दार.

"थोरल्या घरी घेतली, मंग आमच्यात काय काटं हायती?"

भावकीत किती वर्षांचं काय असतं ते आपल्याला माहीत नसतं. आपल्या पाण्याच्या पिशवीतलं पाणी ओतून टाकावं, तिथं नारळ भरावेत आणि कप हातात घ्यावा, हे उत्तम. तिसरं घरही तसंच झालं. चौथं वहिनीचं.

वहिनी म्हणजे वाऱ्यासारखी बाई. तिनं ओटी भरता भरता टेलरबाईकडून सगळी माहिती काढून घेतली आणि आजीचा हात धरला.

"लेक बाळंत व्हायाची हाय न् आईचं हात उघडं? आवं, असं करू नी."

"वहिनी, घड्याळ आहे ना हातात."

"घड्याळ काय बांगडी हाय व्हय?"

आणि आतून हिरव्या काचेच्या बांगड्यांचा जोड आणून तिनं आजीच्या हाताला तेल चोळलं, घड्याळ कोपराच्या दिशेनं वर सारलं आणि सहा-सहा बांगड्या चढवल्या. आजीचा हात पोस्टात शिक्के मारून मारून भरलेला. चढवताना वहिनीनं चांगलाच जोर लावला. घड्याळ एकदा पिरपिरलं. ते आमच्यापैकी एकीनंही मनावर घेतलं नाही.

देवळापाशी पोचलो. आजीनं बांगड्या खाली सारून घड्याळ पाहिलं आणि मटकन पायरीवर बसली.

"काय गं?"

"म्हणतंय, अठरा पूर्णांक सहा. धाव पूर्ण झाली. अभिनंदन."

बांगड्यांनी बटण दाबलं होतं. धाव तिथंच संपवून घड्याळानं ती बंगळुरूला रवानाही केली होती. आम्ही बघत असतानाच पडदा काळा झाला. पहाटेपासून चालून चालून त्याचीही दमछाक झाली होती. तेवढ्यात आजीच्या फोनवर निरोप आला. जावयाचा. "वा आई! अठरासुद्धा खूप झाले. आता आराम करा."

फोनवर अकरा टक्के बॅटरी उरली होती. "हा फोन लेकीसाठी," म्हणून आजीनं तो कमरेच्या पिशवीत टाकला आणि चेन लावली. आमचे तिघींचे फोन गारव्याला म्हणून वहिनीच्या माठाशेजारी ठेवले होते आणि आम्ही ते तिथंच विसरून आलो होतो.

"दोन पूर्णांक चार उरले," गणितबाई म्हणाली.

"अगं, वहिनीच्या घरापासून इथपर्यंत पळालो ते?" मी म्हणाले.

"ते मोजलेलं नाही. न मोजलेलं मी धरत नाही."

या बाईच्या वर्गात मूल म्हणून बसायची वेळ माझ्यावर आली नाही, याबद्दल मी देवाची आभारी आहे.

आता तलावाकडं जाणारा रस्ता समोर होता. त्या रस्त्यावर धाकटी वाडी. सात घरं. सातही दारांत बायका ताटं घेऊन उभ्या होत्या आणि आमच्याकडं बघून हात हलवत होत्या. सात चहा, अठ्ठावीस नारळ. आजी रडकुंडीला आली. "परवा माझी गाडी आहे गं," एवढंच म्हणाली.

पुढची कल्पना कुणाची, यावरून आमच्यात अजून वाद आहे. ती माझी होती. मी म्हणाले, "प्रदक्षिणा घाल."

तिघी माझ्याकडं बघायला लागल्या.

"पळणाऱ्या बाईला कुणीही अडवतं. प्रदक्षिणा घालणाऱ्या बाईला अडवताना कधी कुणाला पाहिलंय का?"

देवळाभोवती दगडी फरशीचा प्रदक्षिणेचा मार्ग होता, वर चिंचेची दाट सावली. प्रश्न लांबीचा. आमच्यापैकी कुणाकडं टेप नव्हता. पण सोळा खण होते. गणितबाईनं ते टोकाला टोक लावून फरशीवर पसरले. सोळा, पुन्हा सोळा आणि आठ. चाळीस खण म्हणजे एक प्रदक्षिणा.

"खण मीटरचा," ती म्हणाली. "चाळीस मीटर. साठ प्रदक्षिणा."

देवळाचे पुजारी मामा कट्ट्यावर तंबाखू मळत हे सगळं बघत होते. "पायताण भाईर," ते म्हणाले.

आजीनं बूट काढले. मामांनी तिच्या मोज्यांकडं बोट केलं. "ह्ये?"

"मोजे आहेत, मामा."

"कापडाचं हायती का चामड्याचं?"

"कापडाचे."

मामांनी बराच विचार केला. "कापडाचं देवाला काय वाकडं न्हाई," असा निकाल दिला. वर मुठीत चिंचोके घेऊन बसले. "मोजाया कुनीतरी पायजे. एक फेरी, एक चिंचोका. पळा."

आजी सुटली. मोज्यांवर, हिरव्या बांगड्या वाजवत, गुडघ्याला पट्टा, टोपीला हळदीकुंकवाचे डाग. आणि माझं म्हणणं खरं ठरलं. धाकट्या वाडीच्या बायका ताटं घेऊन देवळापर्यंत आल्या, पण एकीनंही तिला हाक मारली नाही. बाजूला सरकून उभ्या राहिल्या. ताटं कट्ट्यावर टेकली.

"कशाचा नवस हाय वं?" एक म्हातारी मला विचारत होती.

"जावयाचा," मी म्हणाले.

"लय तरास देतोय?"

"हसतो."

म्हातारीनं समजून मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरून तिलाही जावई असावा.

पंधराव्या फेरीला वहिनी आली. परिस्थिती बघितली, पदर खोचला आणि अनवाणीच आजीच्या शेजारून पळायला लागली. आजीला धाप लागलेली आणि ही शेजारून निवांत विचारतेय, "दुपारी पिटलं करू का आमटी?" दोन फेऱ्यांत ती आजीला एक अख्खी फेरी टाकून पुढं गेली, आणि "थांबा, दूध उतू जाईल" म्हणून घरी निघून गेली. चार महिने सराव केलेल्या आम्ही तिघींनी एकमेकींकडं बघणं टाळलं.

चाळीस झाल्या. पन्नास झाल्या. बायका आता मोठ्यानं मोजत होत्या. मी कट्ट्यावर टेलरबाईच्या शेजारी बसले होते. ती रिकामी बसत नाही, हातात कापड आलं की बोटं चालतात. तिनं एक खण उचलला, काठ जुळवला, वीत टाकली. पुन्हा टाकली. आणि तिचा चेहरा उतरला.

"काय?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"हा मीटर नाही."

"गप्प बस."

"अगं, ओटीचा खण कधी पुरता मीटर असतो का? इकडून तिकडं फिरणारा माल. शिवायला कुणी घेतच नाही." तिनं दुसरा घेतला, तिसरा घेतला. "पंचाहत्तर. सगळे एकाच गठ्ठ्यातले. एक दोरा जास्त नाही."

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

मी तिला काय काय सांगितलं! आजीच्या गुडघ्याची शपथ घातली. परवाच्या गाडीची आठवण करून दिली. एक नवी पैठणी तिच्याकडंच शिवायला टाकीन म्हणाले. ती म्हणाली, "पैठणी शिवत नाहीत." आणि उठून उभी राहिली. गिऱ्हाइकाला दोन बोटं कापड कमी पडतंय हे कात्री लावायच्या आधी सांगणारी बाई ती. गणितबाईच्या कानाशी लागली. गणितबाईचे ओठ हलले. चाळीस खण म्हणजे तीस मीटर. तीसनं चोवीसशेला भाग.

आजी अठ्ठावन्नावी फेरी संपवून येत होती. तोंड लालबुंद, डोळ्यांत साठ दिसत होते.

"किती राहिल्या?" ती ओरडली.

गणितबाईनं मामांच्या चिंचोक्यांकडं पाहिलं. मग म्हणाली, "बावीस."

आजी थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा सुटली नसती, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. तशीच वळणापलीकडं गेली, आणि आम्ही अख्खी फेरीभर तिच्या शिव्यांची वाट बघत उभ्या राहिलो. देवळामागून फक्त बांगड्यांचा आवाज येत होता. समोर आली तेव्हा टेलरबाईकडं बघून म्हणाली, "नक्की पंचाहत्तर?"

"नक्की."

"मग बसलीस काय? ऊठ. चल बरोबर."

टेलरबाई उठली. गणितबाई उठली. मीही उठले, आणि माझ्यामागं धाकट्या वाडीच्या बायका. साड्या खोचून, हसत, एकमेकींना ढकलत. "व्हय म्होरं!" "तूच सर की बाजूला, म्हशे!" जावयाबद्दल विचारणारी म्हातारी मधे उभी राहून प्रत्येक फेरीला आजीच्या पाठीवर थाप मारत होती. चौसष्टाव्या फेरीला फोन वाजला. आजीनं धावता धावताच चेन उघडली.

"आई," लेकीचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता, "यांना काळजी लागलीय. घड्याळ कुणाच्या तरी घरात बंद पडलंय म्हणतात. तू कुठायस?"

"बिरोबाला. प्रदक्षिणा घालतेय."

"किती?"

"ऐंशी."

"आई, तू बरी आहेस ना?"

"तुला कळा येतायत का?"

"नाही."

"मग ठेव फोन."

ऐंशीवा चिंचोका मामांनी असा आपटला की तो उडून चिंचेच्या मुळाशी जाऊन पडला. मग ते उठले आणि परडीतला भंडारा मूठभर घेऊन त्यांनी आजीवर उधळला. मी धावण्याच्या शर्यतींचे पुष्कळ फोटो पाहिले आहेत. फिती पाहिल्या, पदकं पाहिली. पण डोक्यापासून मोज्यांपर्यंत पिवळी झालेली, हिरव्या बांगड्या घातलेली, पायरीवर बसून पिठल्याची वाट बघणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती.

"झाली गं एकदाची आजी," मी म्हणाले.

"अजून नाही," ती म्हणाली. पण या वेळी हसून.

तिनं जावयाला निरोप धाडला: एकवीस. चाळीस खण गुणिले पंचाहत्तर, गुणिले ऐंशी, अधिक तुमचे अठरा पूर्णांक सहा. त्याचं उत्तर आलं, "कसले खण?" आणि फोन बंद पडला.

नात त्या रविवारानंतर नवव्या दिवशी झाली. बारशाला आम्ही तिघी टेलरबाईच्या दुकानात मशीनवर फोन टेकवून बसलो होतो, पलीकडं बंगळुरूचा पाळणा. आजीनं त्या सोळातला एक खण बरोबर नेला होता, बाळाच्या झबल्याला. पण जावयानं झबलं शिवायच्या आधी काय केलं असेल? टेप आणला. भर बारशात, पाहुण्यांसमोर, तो खण पलंगावर पसरून त्यानं मोजला.

"आई," तो तसंच गोड हसत म्हणाला, "चौऱ्याहत्तर भरतोय."

गणितबाईचे ओठ हलले. बत्तीस मीटर कमी. बंगळुरूच्या त्या घरात आजी हातातली घुगऱ्यांची वाटी घेऊन उभी राहिलेली दिसली. आता पळून उपयोग नव्हता. ती आजी झाली होती.

टेलरबाईनं फोन मशीनवरून उचलला आणि तोंडाजवळ धरला.

"जावईबापू, खण धुतलाय का?"

"हो. बाळासाठी म्हणून धुवूनच घेतला."

"कोरं सुती कापड पहिल्या पाण्यात आकसतं. पळाली तेव्हा ते कोरं होतं. कापडाचं मला विचारा. पळण्याचं तुम्ही सांगा."

जावई टेप हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग त्यानं तो गुंडाळला, अगदी हळू, शेवटच्या टोकापर्यंत, आणि सासूला विचारलं, "आई, त्या देवळाला मेंढरंही होती म्हणे?"

"मेंढरं आधी," आजी म्हणाली. "बसा. पहिल्यापासून सांगते."